लाल आभाळाची साक्ष

भाचा : आत्या, आठशे वर्षांपूर्वी जपानमधल्या एका कवीनं आभाळ लाल झालं असं लिहून ठेवलं, आणि त्यावरून सूर्याचा अभ्यास करायचा? मावळतीला आभाळ रोजच लाल होतं की.

आत्या : कवी म्हटला की तुम्हाला सगळं कल्पनेतलं वाटतं. फुजिवारा नो तेइका कवी होता खरा, पण क्योतोच्या दरबारातला माणूस होता, आणि ‘मेइगेत्सुकी’ ही त्याची रोजनिशी आहे. २१ फेब्रुवारी १२०४ ची नोंद नीट बघ. त्यात वेळ आहे, दिवेलागणीनंतरची. दिशा आहे, उत्तर आणि ईशान्य. फेब्रुवारीत सूर्य पश्चिमेच्याही दक्षिणेला मावळतो. तुझी मावळत तिथेच बाद झाली.

भाचा : मग आग असेल. लाकडी घरांचं शहर होतं ते.

आत्या : खालचा भाग चंद्र उगवताना दिसावा तसा पांढरा उजळ, आणि त्यात पांढरे-लाल पट्टे, असं वर्णन आहे. आग अशी दिसते का? दोन रात्रींनी पुन्हा तेच दिसलं. क्योतोतल्या निन्नाजी मंदिराच्या नोंदींतही ते आहे. आणि चीनमध्ये, सोंग घराण्याच्या इतिहासात, त्याच २१ फेब्रुवारीला सूर्यावर मोठा काळा डाग दिसल्याची नोंद आहे. या लोकांनी एकमेकांना विचारून तर लिहिलं नव्हतं!

भाचा : नुसत्या डोळ्यांनी डाग दिसतो?

आत्या : डाग मोठा असेल आणि धुळीनं किंवा धुक्यानं सूर्य मंदावला असेल, तर दिसतो. इसवी सनापूर्वी २८ मधली अशी चिनी नोंद आहे. तू मात्र असलं काही करायला जाऊ नकोस. डोळे जातील.

भाचा : म्हणजे ती लाली ध्रुवीय प्रकाशाची! पण तो क्योतोत कसा?

आत्या : सूर्यावरून सुटलेला विद्युतभारित कणांचा लोट पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळला, की चुंबकीय वादळ होतं. वादळ मोठं असेल तर हा प्रकाश ध्रुवाकडून खाली सरकतो. त्यात चुंबकीय ध्रुवही सरकत असतो, आणि त्या शतकात तो आशियाच्या बाजूला कललेला होता. आता रंगाचं ऐक. हिरवा प्रकाश साधारण शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरचा, आणि लाल दोनशेच्याही वरचा. दोन्ही ऑक्सिजनचेच. लांबून बघणाऱ्याला हिरवा क्षितिजाखाली राहतो आणि वरचा लाल तेवढा दिसतो. म्हणून दक्षिणेकडच्या देशांतल्या नोंदींत उत्तरेकडची लाली येते. मे २०२४ मध्ये लडाखच्या हान्लेहून टिपलेलं आभाळही लालच होतं.

भाचा : हे पटलं. पण आग...

आत्या : पुन्हा आग! अरे, एकटी नोंद असेल, दिशा नाही, वेळ नाही, तर ती मीसुद्धा घेत नाही. संशयिताच्या ढिगात टाकते. तेइकाची नोंद त्या ढिगातली नाही, एवढंच माझं म्हणणं.

भाचा : अपशकुन म्हणूनच हे लोक लिहीत ना? भ्यालेल्या माणसाची साक्ष कशी धरायची?

आत्या : उलट, भीती होती म्हणून तर लिहिलं गेलं. राजाला फळ सांगायचं, तर काय दिसलं ते आधी नेमकं सांगावं लागे. पंचनाम्यात साक्षीदाराचं मत बाजूला ठेवून त्यानं पाहिलेलं तेवढं घेतात, तसं करायचं. अॅसिरियाच्या ज्योतिष्यांनी मातीच्या विटांवर लिहिलेल्या तीन नोंदींत आभाळाच्या लालीचा उल्लेख आहे. काळ इसवी सनापूर्वी ६७९ ते ६५५ च्या दरम्यानचा. इकडे झाडांच्या वाढवलयांत इसवी सनापूर्वी ६६० च्या सुमारास कार्बन-१४ एकदम वाढलेला सापडतो, म्हणजे सूर्याकडून अतिवेगवान कणांचा मारा झाला होता. काळ जुळतो. पण विटांवर दिवस नाही, म्हणून ती लाली त्याच माऱ्याची असं म्हणता येत नाही. हा संयम फार थोड्यांना जमतो.

भाचा : मग नुसती झाडंच का नाही वाचायची?

आत्या : झाड वर्ष सांगतं, रात्र सांगत नाही. आणि प्रत्येक चुंबकीय वादळाचा ठसा झाडात उमटतोच असं नाही. दुर्बिणीतून डागांचे वेध १६१० पासूनचे, चुंबकीय मोजणी त्याहून खूप अलीकडची. शतकांतून एकदा येणारं वादळ किती मोठं असतं, हे एवढ्या मोजमापावरून कसं कळणार? आज तसं आलं तर वीजवाहिन्या आणि उपग्रह सापडतील तडाख्यात.

भाचा : आपल्याकडे काही आहे?

आत्या : वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त दिग्दाहावर, म्हणजे दिशा पेटल्यासारख्या दिसण्यावर, आख्खा अध्याय आहे. कुठल्या रंगाचं काय फळ, सगळं आहे. पण कुठल्या शकात, कुठल्या तिथीला, कुणी पाहिलं? ते नाही. आमच्या ग्रंथात सगळं आहे म्हणून छाती फुगवणाऱ्यांना मी तिथीच मागते, मग गप्प बसतात. आणि जिथे तिथ्या आहेत, ते मोडी कागद रुमालांत बांधलेले. एका दफ्तरखान्यात मी आभाळाच्या नोंदी मागितल्या, तर लढाया आणि वतनं सोडून हे काय काढलंत, असं ऐकावं लागलं.

भाचा : सोड ना ते, आत्या.

आत्या : का सोडू? आपण मोजण्यात कमी नव्हतो. २ सप्टेंबर १८५९ चं वादळ कुलाब्याच्या वेधशाळेनं टिपलं. क्षैतिज चुंबकीय क्षेत्र सुमारे १६०० नॅनोटेस्लांनी उतरलं होतं, आणि त्या वादळाचा अभ्यास करणारे आजही तो आलेख उघडतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून चुंबकीय कामच अलिबागला हलवलं, १९०४ साली. आणि ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री तर खुद्द मुंबईतून ध्रुवीय प्रकाश दिसला.

भाचा : मुंबईतून! कुणी लिहिलंय?

आत्या : इंग्रजी वर्तमानपत्रात बातमी आहे. पण ‘ज्ञानप्रकाश’ आणि ‘इंदुप्रकाश’ही तेव्हा निघत होते. शके १७९३, पौष वद्याचे शेवटचे दिवस. म्हणजे संध्याकाळी चंद्र नाही, चांदण्याचा घोटाळा नाही. पुण्यात, कोकणात, घाटावर कुणी अंगणात उभं राहून उत्तरेला पाहिलं असेल, तर कुठल्या तरी अंकात, पत्रात, कीर्दीच्या कोपऱ्यात ते असू शकेल. तू मोडी शिकतोयस ना?

भाचा : अजून अडखळतो. आणि सापडलंच, तर आग नव्हे हे कसं ठरवायचं?

आत्या : दिशा बघ, वेळ बघ, दुसऱ्या गावची नोंद शोध. पौष वद्य नवमीपासून सुरुवात कर.