४ जुलै आणि टाहो सरोवर : एका राष्ट्रीय सुटीच्या नियोजनाचा अभ्यास

राष्ट्रीय सण आणि सहल यांचे नाते आपल्याला अपरिचित नाही. पंधरा ऑगस्टला लागून शनिवार-रविवार आला की लोणावळ्याच्या घाटात वाहनांची रांग लागते. तरीही आपल्याकडे झेंडावंदन हा सण आणि त्यानंतरची ती सुटी, अशी सरळ विभागणी आहे. अमेरिकेत ४ जुलैला असे नसते. तेथे कुटुंबासह बाहेर पडणे, उघड्यावर जेवणे, पाण्याकाठी बसून रात्रीची रोषणाई पाहणे हाच सणाचा मुख्य विधी आहे. लक्षावधी माणसे एकाच दिवशी एकाच प्रकारे देशप्रेम व्यक्त करू लागली म्हणजे ज्या भूमीवर ते व्यक्त होते तिचे काय होते, हा प्रश्न मला भूगोलाची विद्यार्थिनी म्हणून महत्त्वाचा वाटतो.

२०२४ च्या उन्हाळ्यात मी कॅलिफोर्नियात मावशीकडे होते. टाहो सरोवराकाठच्या साउथ लेक टाहो या गावी जायचे ठरले. खोल्या मावशीने फेब्रुवारीतच राखून ठेवल्या होत्या. बाकीची आखणी, "भूगोल शिकतेस ना, मग तूच कर," असे म्हणून काकांनी माझ्यावर सोपवली. मंडळी आठ : आजी-आजोबा, मावशी-काका, मावसबहीण, तिचे यजमान, त्यांचा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. त्या आखणीच्या निमित्ताने जे वाचले आणि पाहिले ते येथे मांडत आहे.

आरंभ तारखेपासून करावा लागतो. स्वातंत्र्याचा ठराव अमेरिकन काँग्रेसने २ जुलै १७७६ रोजी संमत केला. जाहीरनाम्याचा मसुदा ४ तारखेला मंजूर झाला. जॉन ॲडम्स यांनी ३ जुलैला पत्नीला लिहिलेल्या पत्रात २ जुलै हाच दिवस पुढच्या पिढ्या मिरवणुका, खेळ, तोफा, घंटा आणि रोषणाई यांनी साजरा करतील असे भाकीत केले होते. तारीख चुकली, साजरे करण्याची रीत मात्र तंतोतंत खरी ठरली. १९६८ साली अमेरिकेने कायदा करून कित्येक सुट्या सोमवारला बांधल्या आणि १९७१ पासून तो अमलात आला. त्यातून ४ जुलै वगळला गेला. त्यामुळे ही सुटी दरवर्षी वेगळ्या वारी येते आणि गर्दीचा आकारही बदलतो. २०२४ साली ती गुरुवारी होती, म्हणजे शुक्रवारची रजा काढली की सलग चार दिवस. अशा वर्षी गर्दी चार दिवस मुक्काम ठोकते.

आता स्थळाकडे वळू. टाहो सरोवर सिएरा नेवाडा पर्वतात, कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांच्या सीमेवर आहे. लांबी सुमारे ३५ किलोमीटर, रुंदी १९. त्याच्या पाण्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९७ मीटर उंचीवर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटरचे. तेव्हा महाराष्ट्राच्या सर्वोच्च शिखराच्याही वर हे पाणी साठलेले आहे, आणि त्याची खोली ५०१ मीटर आहे. साठांहून अधिक ओढे त्यात येऊन मिळतात, बाहेर पडते ती एकच ट्रकी नदी, आणि तीही समुद्राला न मिळता नेवाडाच्या वाळवंटातील पिरॅमिड सरोवरात जाते. टाहोत आलेला पाण्याचा थेंब तेथून बाहेर पडायला सरासरी ६५० वर्षे लागतात. म्हणजे अमेरिकेच्या स्वातंत्र्यापूर्वीचे पुष्कळसे पाणी अजून त्याच सरोवरात आहे! सणाच्या एका रात्रीत त्यात काय पडते याला महत्त्व येते ते यामुळे.

या काठावर वाशो लोक हजारो वर्षे उन्हाळ्यात येत असत. आज साउथ लेक टाहोची कायम वस्ती सुमारे एकवीस हजार आहे. डोंगरातून येणारे रस्ते मोजके. सॅन फ्रान्सिस्कोकडून अंतर तीनशे किलोमीटरच्या आसपास. एरवी चार तासांचा हा प्रवास सुटीत किती लांबेल याचा नेम नसतो. म्हणून आम्ही बुधवारी ३ तारखेला पहाटे पाचला निघालो आणि रविवारची वाट न पाहता शनिवारी सकाळीच परतायचे ठरवले. दोन मोटारींऐवजी आठ आसनांची एकच गाडी घेतली. आजोबांना अडचण झाली, पण हा निर्णय केवळ काटकसरीचा नव्हता. त्याचे कारण पुढे येईल.

दुसरा विचार पाण्याचा. त्या आठवड्यात कॅलिफोर्नियात कडक उष्म्याची लाट होती. अशा वेळी निळेशार पाणी पाहून कोणालाही उडी मारावीशी वाटते. परंतु टाहोला वितळलेल्या बर्फाचे पाणी मिळते. जुलैतही ते चांगलेच थंड असते. अंगाला एकाएकी गारठा बसला की माणसाचा श्वास अनावर होतो, आणि पट्टीचा पोहणाराही त्या पहिल्या मिनिटात नाकातोंडात पाणी जाऊन गुदमरतो. "मी कृष्णेच्या पुरात पोहलेला माणूस आहे," असे आजोबांनी ऐकवले. कृष्णेचे पाणी उबदार असते, एवढेच मी म्हटले. त्यांनी कुरकुरत का होईना तरंगते जाकीट घातले. त्यांनी घातले म्हणून नातवानेही घातले.

तिसरा विचार आगीचा. सरोवराभोवती पाइनची जंगले आहेत आणि उन्हाळ्यात ती वाळून सरपणासारखी होतात. जून २००७ मध्ये विझवता न आलेल्या एका शेकोटीतून अँगोरा वणवा पेटला आणि अडीचशेहून अधिक घरे जळाली. ऑगस्ट २०२१ मध्ये काल्डोर वणव्यामुळे साउथ लेक टाहो हे सारे गाव रिकामे करावे लागले. म्हणून या खोऱ्यात कोणीही स्वतः फटाके उडवणे बेकायदा आहे. भाच्याला निदान फुलबाज्या तरी हव्या होत्या. ४ च्या रात्री काठावरच्या गर्दीत न जाता मी त्याला मार्क ट्वेनची हकिकत सांगितली : १८६१ साली तो याच सरोवरावर आला, स्वयंपाकासाठी विस्तव पेटवला, आणि पाहता पाहता डोंगर पेटला. 'रफिंग इट' या १८७२ च्या पुस्तकात त्याने हे स्वतःच लिहिले आहे. फुलबाज्यांचा विषय पुन्हा निघाला नाही. उत्तर काठावरच्या गावांनीही अलीकडे दारूकामाऐवजी आकाशात दिव्यांची चित्रे रेखाटणारी ड्रोन यंत्रे उडवायला सुरुवात केली आहे.

चौथा विचार अन्नाचा आणि कचऱ्याचा. मावशीने दशम्या, कोरडी भाजी आणि लसणीची चटणी बांधून घेतली. कोळशाच्या शेगडीची गरजच उरली नाही. ताटल्या स्टीलच्या नेल्या. येथे अस्वले फिरतात, म्हणून उरलेले अन्न लोखंडी पेटीत बंद करून ठेवावे लागते. उघड्यावरच्या खाण्याला सोकावलेले अस्वल वस्तीत शिरते आणि बहुधा त्याचा जीवच त्यात जातो.

आता माझ्या अभ्यासाचा मुख्य मुद्दा. दरवर्षी ५ जुलैला सकाळी स्वयंसेवक टाहोचे किनारे झाडतात. २०२३ साली त्यांनी गोळा केलेला कचरा साडेआठ हजार पौंडांवर गेला, म्हणजे जवळजवळ ३,९०० किलो. त्यातला बराचसा झेफिर शोल्स नावाच्या एकाच किनाऱ्यावरचा होता. ही जागा सरकारी वनखात्याची, पण तेथे कोणाची देखरेख नव्हती. दुसऱ्या वर्षी तेथे वाहनतळाला शुल्क आले, गाड्यांच्या संख्येला मर्यादा आली, कचराकुंड्या आल्या, माणसे नेमली गेली. २०२४ च्या ५ जुलैला त्याच किनाऱ्यावरचा कचरा आदल्या वर्षाच्या मानाने फारच थोडा निघाला.

एका वर्षात लोकांचे शील बदलले काय? नाही. लोक तेच, सण तोच. बदलली ती व्यवस्था. घाण दिसली की आपण 'लोकांना शिस्तच नाही' असे म्हणून मोकळे होतो. टाहोच्या या दोन वर्षांवरून मला वाटते, शिस्त ही पुष्कळदा आधी केलेल्या सोयीतून जन्मते.

त्या सकाळी मावसबहीण आणि मी दुसऱ्या एका किनाऱ्यावर दोन तास वाळू चाळली. बाटल्यांची बुचे, सिगारेटची थोटके, प्लॅस्टिकचे तुकडे आणि काडीला लावलेले चिमुकले राष्ट्रध्वज. आपल्याकडे सोळा ऑगस्टला रस्त्यात जे दिसते तेच!

परंतु कचरा उचलला म्हणजे सरोवर वाचले असे समजणे भाबडेपणाचे होईल. डेव्हिस येथील विद्यापीठाचे संशोधक १९६८ पासून पाण्यात पांढरी तबकडी सोडून ती किती खोलवर दिसते हे मोजत आले आहेत. १९६८ साली ती सरासरी ३१ मीटरपर्यंत दिसे. २०२३ साली सुमारे २१ मीटर. खोऱ्यातील सांडपाणी तर कित्येक दशके पंपांनी डोंगरापलीकडे नेले जाते. तरीही पाणी गढुळले, कारण रस्त्यांवरची, गाड्यांच्या चाकांखाली भरडलेली बारीक धूळ पावसाबरोबर आणि बर्फाबरोबर सरोवरात जाते आणि शेवाळ वाढते. ही धूळ कोणाला उचलता येत नाही. ती कमी करण्याचा एक मार्ग म्हणजे मुळात गाड्या कमी नेणे. आजोबांना दाटीवाटीने बसवले ते यासाठी.

१९६९ साली कॅलिफोर्निया आणि नेवाडा या दोन राज्यांनी करार करून सरोवरासाठी एकच नियोजन संस्था नेमली. सरोवराला राज्याची सीमा कळत नाही, हे त्यांनी ओळखले. देशप्रेमाचा हाही एक प्रकार आहे, आणि त्याला रोषणाई लागत नाही.

वाचक मित्रहो, एक सूचना करून हा लेख संपवते. आपल्या गावालाही तलाव आहे आणि पंधरा ऑगस्टला तेथेही गर्दी होते. येत्या सोळा ऑगस्टला आपल्या भूगोल मंडळाने तेथील कचरा गोळा करून वजनकाट्यावर तोलावा, काय निघाले याची वर्गवारी करावी आणि ते आकडे नगरपालिकेला सादर करावेत. पुढच्या वर्षी कुंड्या ठेवल्या जातील, तेव्हा पुन्हा तोलावे. दोन आकडे हाती आले की आपल्यालाही नुसत्या उपदेशाऐवजी काही पुराव्यानिशी बोलता येईल.