चढ-उताराची वाट आणि गाडीचा गिअर



गाडी घ्यायला निघालेले सभासद हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात, "गिअरची घ्यावी का बिनगिअरची?" शहरातल्या सडकेवर हा नुसता आवडीचा प्रश्न आहे. पण राजूर भागात गाडी डांबर सोडून खाली उतरली, की वर रतनवाडीकडे निसरडे चढ आणि खाली प्रवरेच्या काठी उसाच्या काळ्या मातीतली खोल चाकोरी. इथं गिअरचा हिशेब चुकला तर प्रसंग जिवावर बेततो. म्हणून या अंकात हाच धडा घेऊ.

गिअर करतो काय?

गिअर वेग देऊन ओढ घेतो, किंवा ओढ देऊन वेग घेतो. पहिल्या गिअरमध्ये गाडी हळू चालते, पण चाकाला जोर जास्त मिळतो. आपल्या नेहमीच्या ट्रॅक्टरला चार गिअर आणि हाय-लोचा दांडा, असे मिळून आठ पुढचे व दोन मागचे गिअर असतात. फोर बाय फोर जीपलाही असाच लोचा दांडा असतो. चिखलात आणि खड्या चढावर खरं काम हा लो करतो. मग गिअर हातानं बदला, नाहीतर यंत्रानं.

हाताचा गिअर

यात इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचची प्लेट असते. घातलेला गिअर आपण बदलेपर्यंत कायम राहतो, हा मोठा गुण. बॅटरी उतरली तर गाडी ढकलून चालू करता येते. दुरुस्तीही तालुक्याच्या गावी होते. अवगुण असा, की चिखलात मध्येच क्लच दाबला की ओढ तुटते आणि गाडी जागेवर रुतते. अर्धा क्लच धरून चढ चढला तर प्लेट जळते, करपल्याचा वास येतो. म्हणून गिअर चढाच्या किंवा ओढ्याच्या आधी घालावा, मध्ये बदलू नये.

ऑटोमॅटिक

"बिनगिअरची" हे नाव फसवं आहे. गिअर असतातच, ते बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. यातले दोन प्रकार ओळखून ठेवा.

पहिला टॉर्क कन्व्हर्टरचा. यात क्लचच्या प्लेटऐवजी तेलातून जोर पुढं जातो. ही युक्ती जर्मन इंजिनिअर फॉटिंगर यांनी 1905 साली काढली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या काही हलक्या रणगाड्यांनाही ऑटोमॅटिक गिअरबॉक्स होते. म्हणजे हे यंत्र नाजूक आहे, असं समजू नये. ओढ तुटत नाही, चढावर इंजिन बंद पडत नाही, नवशिक्याला आणि गुडघेदुखीवाल्याला सोपं जातं. मात्र रुतलेली चाकं नुसती फिरवत राहिलं तर तेल तापतं. बॅटरी बसली तर ढकलूनही गाडी चालू होत नाही. 2020 साली आलेली नवी थार आणि 2023 ची जिम्नी, दोन्ही फोर बाय फोरमध्ये हाताचा गिअर किंवा असा ऑटोमॅटिक, हव्या त्या प्रकारात मिळू लागल्या.

दुसरा प्रकार एएमटी. आत साधाच क्लच, फक्त तो दाबायला पायाऐवजी यंत्र. चढावर ॲक्सिलरेटर देऊन गाडी धरून ठेवली तर याचीही प्लेट घासते. किंमत कमी म्हणून चिखलवाटेसाठी हा घेऊ नये.

खरी परीक्षा उताराची

उतारावर जाणता गाडीवान कासरा सैल सोडत नाही. गाडीचा कासरा म्हणजे लहान गिअर. गाडी गिअरमध्ये असली की इंजिन चाकांना आवरून धरतं. न्यूट्रल केली किंवा क्लच दाबला, की सगळा भार ब्रेकवर. ब्रेक तापले की धरत नाहीत. ट्रॅक्टरमागं उसानं भरलेली ट्रॉली असेल तर ती ट्रॅक्टरला पुढं ढकलते, आडवा करते.

"न्यूट्रल केली की डिझेल वाचतं" हा गैरसमज काढून टाका. गिअरमध्ये उतरणाऱ्या गाडीचा पाय काढला की आजच्या इंजिनाचं डिझेल जवळजवळ बंदच होतं. उलट न्यूट्रलमध्ये ते जळत राहतं. इंजिन बंद करून उतरणं तर आत्मघात, कारण स्टिअरिंग जड होतं आणि दोन-चार वेळा दाबल्यावर ब्रेकही घट्ट होतो.

ऑटोमॅटिकवाल्यांनी घाटाच्या माथ्यावरच दांडा हाताच्या पद्धतीवर आणून लहान गिअर धरावा. नुसत्या "डी"वर भरवसा ठेवू नये.

मग घ्यावं काय?

ओझं ओढायचं, खर्च बेताचा आणि चालवणारा हात सरावलेला असेल, तर हाताचा गिअर घ्यावा. घरातली चार माणसं चालवणार असतील आणि खिशाला परवडत असेल, तर टॉर्क कन्व्हर्टरचा ऑटोमॅटिक घ्यायला हरकत नाही. पण दोन्हींत लोचा दांडा आहे का, हे आधी पाहावं.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी शेवटची गोष्ट. विठे घाट असो की शेताचा बांध, ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा, आणि सडकेला लागण्यापूर्वी दोन्ही ब्रेक पेडलांची कडी एकत्र लावा. आपला मुलगा किंवा ड्रायव्हर हंगामात ट्रॉली जोडण्याआधी हे त्याच्याकडून एकदा करवून घ्या. ऊस चार तास उशिरा पोचला तरी चालेल, माणूस घरी पोचला पाहिजे.