पट्टीलाही सुट्टी हवी

पोरी, उद्यापासून काउंटरमागच्या स्टुलावर तू बसणार. चाळीस वर्षं तिथं बसून जे कळलं, त्यातलं छातीतल्या कळेवरच्या नायट्रेट औषधांचं आधी सांगतो. ही औषधं न्यायला येणारं माणूस आतून घाबरलेलं असतं, आणि घाबरलेला माणूस ‘जास्त घेतलं की जास्त गुण’ असा हिशेब करतो. इथं तो हिशेब उलटा पडतो.

अंगाला चिकटवायची औषधाची पट्टी कधी लावायची हे सगळे विचारतात. कधी काढायची, कुणी विचारत नाही. ते तू सांग. आपल्याकडे एक मास्तर यायचे. नायट्रोग्लिसरीनची पट्टी छातीवर चोवीस तास ठेवायचे, निघाली की लगेच दुसरी. सुरुवातीला डोकं दुखलं, पण जिना चढता येऊ लागला. काही दिवसांत डोकेदुखी थांबली आणि गुणही थांबला. डॉक्टरांनी डोस वाढवला नाही, फक्त रात्री पट्टी काढून ठेवायला सांगितली. मास्तर पुन्हा जिना चढू लागले. दिवसातून दहा-बारा तास औषधाविना गेले पाहिजेत, एवढंच त्यातलं मर्म.

डायनामाइटच्या कारखान्यातल्या कामगारांना हे फार आधी कळलं होतं. त्यांच्या हातातलं नायट्रोग्लिसरीन हेच. सोमवारी डोकं ठणकायचं, आठवड्यात सवय व्हायची आणि रविवारच्या सुट्टीनंतर पुन्हा ठणका. म्हणून काहीजण सुट्टीत टोपीच्या आतल्या पट्टीला थोडं चोळून ठेवायचे!

आत काय होतं तेही समजून घे. नायट्रेटपासून नायट्रिक ऑक्साइड तयार होतं आणि रक्तवाहिनी सैलावते. या वायूचं शरीरातलं काम उलगडणाऱ्या तिघांना 1998 चं नोबेल मिळालं. पण औषधाचा मारा अखंड चालला की वाहिनीच्या पेशींत सुपरऑक्साइड वाढतं. ते नायट्रिक ऑक्साइडला गाठून संपवतं आणि त्यातून पेरॉक्सिनायट्राइट हे आणखी तापट रसायन बनतं. शिवाय नायट्रोग्लिसरीन फोडून कामाला लावणारं एएलडीएच-2 हे एन्झाइमच बाद होत जातं. पावसाळ्यात विळी गंजावी तसं. औषध अंगात असतं, पण त्याला कामाला लावणारं कुणी उरत नाही.

मग कुणीतरी हुशार गिऱ्हाईक म्हणेल, “गंजच ना? मग अँटिऑक्सिडंटची बाटली द्या की!” त्याचा तर्क चुकीचा नाही. छोट्या अभ्यासांत क आणि ई जीवनसत्त्वानं, फॉलिक अ‍ॅसिडनं ही सवय रोखल्याचं दिसलंय. पण ते मोजक्या माणसांवरचे, थोड्या दिवसांचे प्रयोग. 2000 साली प्रसिद्ध झालेल्या ‘होप’ चाचणीत साडेनऊ हजार जोखमीच्या माणसांत रोज 400 युनिट ई जीवनसत्त्व तपासलं; साडेचार वर्षांत हार्ट अटॅक कमी झाले नाहीत. तेव्हा आवळा, पेरू, लिंबू खुशाल खाऊ दे, पण पट्टीच्या सुट्टीऐवजी बाटली विकू नकोस.

हृदय कमजोर झालेल्यांच्या चिठ्ठीत आयसोसॉर्बाइड डायनायट्रेटबरोबर हायड्रॅलाझिन दिसेल. दोन्ही बीपी उतरवतात म्हणून “एक राहू द्या” असा सल्ला देऊ नकोस. हायड्रॅलाझिन सुपरऑक्साइडलाही आवर घालतं, असं प्रयोगांत दिसलंय.

मोनोनायट्रेटची साधी गोळी ‘दोनदा’ लिहिलेली असली, तर पाकिटावर आपल्या मनानं सकाळ-रात्र लिहू नकोस. बहुतेकदा सकाळी 8 आणि दुपारी 3 असं अपेक्षित असतं, म्हणजे रात्र मोकळी राहते. फोन लावून डॉक्टरांना विचार. कुणाला रात्रीच दुखत असेल, तर सुट्टीची वेळ तेच बदलतील.

जिभेखालची गोळी बसून घ्यायची, उभ्यानं नाही. बीपी एकदम उतरतं. पाच मिनिटांत कळ थांबली नाही, तर 108 ला फोन. आणि पुरुष गिऱ्हाइकाला बाजूला घेऊन, हळू आवाजात, सिल्डेनाफिलसारखं काही घेतो का ते विचारच. दोन्ही एकत्र आली तर जिवावर बेततं. तो लाजेल, तू लाजू नकोस.

शेवटचं. पट्टीच्या प्रत्येक खोक्यावर दोन वेळा लिहायच्या: लावायची आणि काढायची. जाड निळं पेन गल्ल्याच्या उजव्या खणात ठेवलंय.