ओकांची नोंद

गंजगोलाई, लातूर

चि. बबीस मामाचे अनेक आशीर्वाद.

नांदेडहून धाडलेला मसुदा पोचला. ज्ञानकोशासाठी लिहिलेली पु. ना. ओकांवरची नोंद मामानं दोनदा वाचली. राग भरपूर दिसला, ओक फारसे दिसले नाहीत.

पहिल्याच वाक्यात 'वेडगळ'! माणूस कोण हे कळायच्या आत निकाल. पुरुषोत्तम नागेश ओक १९१७ साली इंदूरला जन्मले, आझाद हिंद सेनेत होते, १९६४ मध्ये त्यांनी भारतीय इतिहासाच्या पुनर्लेखनासाठी संस्था काढली, २००७ मध्ये पुण्यात वारले. १९६५च्या त्यांच्या पुस्तकात ताजमहाल हा राजपुतांचा राजवाडा होता. पुढं त्याचं 'तेजोमहालय' हे शिवमंदिर झालं, आणि इतिहासकार ते दडपून ठेवतात असा आरोपही आला. हे नुसतं क्रमानं मांडलं तरी वाचकाला जे कळायचं ते कळतं.

विशेषण खोडायला पेन्सिलीची एक रेघ पुरते. मराठीत खरी गोम क्रियापदात नि सर्वनामात असते. दुसऱ्या पानावर आहे, 'ताज म्हणे मंदिर होता.' ते 'म्हणे' म्हणजे वाचकाकडं बघून डोळा मारणं. ओकांचा एखादा भक्त तिथं 'दाखवून दिलं' लिहील. 'दावा केला' एवढं पुरे. आणि त्याच परिच्छेदात ओक 'म्हणाला', 'शहाजहाननं' बांधला, मिर्झाराजे जयसिंग मात्र 'त्यांनी जमीन दिली'! एकेरी कुणाला आणि अहोजाहो कुणाला, एवढ्यावरून लिहिणारीची बाजू उघडी पडते. सगळ्यांना एकच माप लाव.

दोन्ही बाजूंना निम्मी-निम्मी जागा द्यायची का, असं बबीनं विचारलंय. अजिबात नाही. मोंढ्यात दोन्ही पारडी बरोबरीत दिसावीत म्हणून कुणी काटा हातानं धरत नाही. 'बादशाहनाम्या'त अब्दुल हमीद लाहोरी लिहितो की, ताजच्या जागी राजा मानसिंहांची हवेली होती आणि त्या वेळी ती जयसिंगांकडं होती. (आपल्या पुरंदरच्या तहातले तेच मिर्झाराजे.) ओकांनी याच ओळींवर भर दिला. म्हणून त्या नोंदीत यायलाच हव्यात. बबीनं गाळल्या, हे चूक. पण त्याच ग्रंथात पुढं पाया खणण्यापासून कबरीच्या बांधकामाचं वर्णन आहे, तेही लगेच खाली यावं. त्याखाली सर्वोच्च न्यायालयानं २००० मध्ये ओकांची याचिका फेटाळली ते, आणि पुरातत्त्व सर्वेक्षण विभागानं २०१७ मध्ये आग्र्याच्या न्यायालयात ही कबरच असल्याचं सांगितलं ते. माणूस गेला तरी दावा चालूच आहे: बंद खोल्या उघडा म्हणणारी याचिका २०२२ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयानं फेटाळली, तेही नोंदीत एका ओळीत यावं.

ओकांची व्युत्पत्ती ही खरी मौज. व्हॅटिकन म्हणजे 'वाटिका', ख्रिश्चॅनिटी म्हणजे 'कृष्णनीती'. वाचताना हसू येतं, पण लातूरकरानं जरा जपूनच हसावं. आपलं लातूर 'लत्तलूर'वरून आलं असं आपणही सांगतोच की. फरक इतकाच, की राष्ट्रकूट राजे स्वतःला 'लत्तलूरपुरवराधीश्वर' म्हणवत, ते शिलालेखांत कोरलेलं आहे. 'वाटिके'साठी ओकांकडं उच्चाराच्या साम्यापलीकडं काही नव्हतं. नोंदीत हसू नको. ओकांची व्युत्पत्ती दे, आणि तिला काय आधार दिला होता ते पुढं लिही.

मसुदा उलट टपाली धाडतोय. चौथ्या पानावर 'सर्व इतिहासकारांच्या मते' याखाली पेन्सिलीची रेघ आहे. सर्व म्हणजे कोण, कुठल्या पुस्तकात, कितव्या पानावर, ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून शोध. आईला नमस्कार सांग.

मामा