वाइनचीं द्राक्षें व खुली पेठ

जालना जिल्ह्यांतील कडवंची गांवानें पाणलोटाचीं कामें व शेततळीं यांच्या बळावर द्राक्षांच्या बागा उभ्या केल्या, हें वाचकांस विदितच आहे. तेथील पीक मुख्यतः खाण्याच्या द्राक्षांचें. आपणही वाइनकरितां वेल लावावे काय, असा विचार एखाद्या बागाईतदाराच्या मनांत आल्यास त्यानें आधीं नाशिककडील अनुभव ध्यानांत घ्यावा.

सन २००१ मध्यें महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रिया उद्योगाचें धोरण जाहीर केलें व वाइनवरील अबकारी करांत मोठी सूट दिली. विंचूर व पलूस येथें वाइन-उद्यानें योजिलीं. कारखाने भराभर वाढले आणि त्यांच्या भरंवशावर शेतकऱ्यांनीं वेल लाविले. पुढें २००८ सालची जागतिक मंदी व मुंबईवरील हल्ला यांमुळें खप घसरला. टाक्या भरलेल्या असतां नवें द्राक्ष घेणार कोण? पुष्कळांस बागा उपटाव्या लागल्या.

याचें मर्म जातींत आहे. थॉम्सन सीडलेस पेठेंत विकलें नाहीं, तर त्याचा बेदाणा करितां येतो. सोव्हिन्यां ब्लां, शिराझ यांचा मणी लहान व बियांचा. त्यास कारखान्यावांचून दुसरें गिऱ्हाईक बहुधा नाहीं. कारखानदार एका हंगामांत खरेदी थांबवूं शकतो. वेल मात्र अनेक वर्षांच्या हिशेबानें लाविलेला असतो.

आतां मजुरांविषयीं. खाण्याच्या द्राक्षास दोन छाटण्या, मण्यांची विरळणी, जिबरेलिक आम्लाच्या द्रावणांत घड बुडविणें, प्रतवारी व पेट्या भरणें इतकीं कामें असतात. वाइनच्या बागेंत विरळणी व बुडवणी सहसा लागत नाहीं. मालकाचा खर्च वांचतो, परंतु मजुरांचे, विशेषतः स्त्रियांचे, कामाचे दिवस घटतात. बाग उपटली म्हणजे उरलेलेही जातात. आणि खरेदीच्या करारांत त्यांचें नांव कोठेंच नसतें.

परदेशी मालाचा दरवाजाही उघडूं लागला आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून अमलांत आलेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारानें, पांच डॉलरांहून कमी किंमत नसलेल्या बाटलीवरील जकात शेंकडा १५० वरून १०० झाली; दहा वर्षांत ती ५० वर यावयाची आहे. उलटपक्षीं, सुपरमार्केटांत वाइन विकूं देण्याचा राज्य मंत्रिमंडळाचा जानेवारी २०२२ मधील निर्णय विरोधामुळें अडला. म्हणजे प्रतिस्पर्धी वाढला, दुकान वाढलें नाहीं.

सबब ज्यांस हा प्रयोग करावयाचा असेल त्यांनीं पुढील गोष्टी पाळाव्या :

१. वेल लावण्यापूर्वी अनेक वर्षांचा लेखी करार करावा. त्यांत किमान दर, रसांतील साखरेचें प्रमाण व पैसे देण्याची मुदत स्पष्ट असावी.

२. सर्व जमीन या एकाच पिकास देऊं नये.

३. शेततळ्यांतील पाणी उन्हाळ्यांत किती उरतें, तें पाहूनच क्षेत्र ठरवावें.

४. नेहमींच्या मजुरांचे जे दिवस कमी होतील, त्यांकरितां दुसरें काम आधींच योजावें. हंगामांत हात हवे असतील, तर वर्षभर त्या हातांची काळजी वाहिली पाहिजे.

पेठ खुली झाल्यानें नफ्याची वाट मोकळी होते, तशीच तोट्याचीही. ज्याच्या हातीं लेखी करार व दुसरें पीक आहे, त्यानेंच तींत पाऊल टाकावें.