हौदाच्या कडा घासत जा

पोरी, ऐन पावसाळ्यात नवं बिऱ्हाड मांडलंस. पडद्यांचा रंग ठरवायला आठवडा घालवलास, तर आता अर्धा तास मावशीचंही ऐक.

१. आठवड्यातला एक वार कोरडा पाळ. पिंप, बादल्या, कूलर सगळं रिकामं कर — अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, आपण त्याआधी गाठायचं.

२. नुसतं पाणी ओतून मोकळी होऊ नकोस. पाणी जिथवर चढतं तिथं आतून काथ्यानं खसाखसा घास — डेंग्यूच्या डासाची काळी, बारीक अंडी त्याच कडेला चिकटलेली असतात. कोरडी पडली तरी महिनोन्महिने तग धरतात, आणि पाणी लागलं की त्यातून अळ्या वळवळतात.

३. अळ्यांचं पाणी गटारात नको, कोरड्या मातीवर ओत — मातीत त्या मरतात.

४. फ्रिजमागचा ट्रे, कुंडीखालची ताटली, मनी प्लँटची बाटली, गच्चीतली करवंटी बघत जा — वाटीभर पाणी, गल्लीभर ताप.

५. संडासच्या टाकीच्या पाइपाला वर जाळी बांध — हत्तीरोगाचा डास घाण पाण्यातच वाढतो.

६. विहिरीत, न उपसणाऱ्या हौदात गप्पी मासे सोड, आरोग्य केंद्रात विचार. ओढ्या-तळ्यात मात्र अजिबात नको — तिथल्या देशी माशांची पिल्लं ते खातात.

७. अळीनाशक टाकायला आरोग्य कर्मचारी आले तर दार उघड, स्वतः अंदाजानं ओतू नकोस — औषधाचं माप त्यांना ठाऊक असतं.

८. धुराची गाडी येऊन गेली म्हणून निर्धास्त राहू नकोस — धूर उडत्या डासाला मारतो, पाण्यातल्या अळीला नाही.

९. बंद खोलीत कॉइल लावू नकोस. कडुनिंबाचा पाला जाळलास तरी धूर तो धूरच, छातीत जातो. माझा भरवसा मच्छरदाणीवर. बाळ दुपारी निजलं तरी लाव — डेंग्यूचा डास दिवसा चावतो. औषध लावलेली असेल तर सावलीत वाळव, उन्हानं औषधाचा गुण कमी होतो.

१०. ताप आलाच तर अंगावर काढू नकोस, डॉक्टरांना दाखव आणि रक्त तपासून घे. तोवर घरातली ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नकोस — डेंग्यू असेल तर त्यानं रक्तस्राव वाढतो.