कुर्ल्या खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, मग अँजिओग्राफी करायची की नाही?



आपल्यापैकी काहींना सुंगटं सोलताना हाताला खाज सुटते, कुर्ल्या खाल्ल्या की अंगावर गांधी उठतात. अशा माणसाला डॉक्टरांनी अँजिओग्राफी सांगितली की कोणीतरी म्हणतंच, "डायमध्ये आयोडीन असतं, मासळीतही असतं. तुला चालायचं नाही." या भीतीने तपासणी टाळू नका.

साध्या एक्स-रेत रक्तवाहिनीची आतली वाट दिसत नाही. आयोडीन एक्स-रे अडवतं, म्हणून आयोडीन असलेला डाय आत सोडतात. मग वाट कुठे अरुंद झाली, कुठे बंद पडली ते कळतं.

सुंगटं-कुर्ल्यांची ॲलर्जी येते ती त्यांच्या मांसातल्या प्रथिनामुळे, मुख्यतः ट्रोपोमायोसिनमुळे. आयोडीनमुळे नव्हे. आयोडीन तर रोजच्या मिठातही आहे.

डायचा त्रास होतच नाही असं नाही. जपानमध्ये तीन लाखांहून जास्त तपासण्यांचा अभ्यास १९९० साली छापून आला. जुन्या प्रकारच्या डायने १०,००० मागे सुमारे २२ वेळा गंभीर त्रास झाला, नव्या प्रकाराने सुमारे ४ वेळा. आता सहसा नवाच वापरतात.

मासळीची ॲलर्जी सांगाच, पण हेही न विसरता सांगा:

१. पूर्वी डाय दिल्यावर त्रास झाला होता का? हे सर्वांत महत्त्वाचं.
२. किडनीचा विकार किंवा मधुमेह आहे का? क्रिएटिनिनचा रिपोर्ट सोबत न्या. मेटफॉर्मिन घेत असाल तर आधी विचारा, स्वतःहून बंद करू नका.
३. दमा, थायरॉईड, गरोदरपण.
४. अंगदुखीवर डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या चालू आहेत का? उन्हातान्हात होडीवर राहून अंगातलं पाणी कमी झालंय का? दोन्हींचा ताण किडनीवर येतो.

डाय सोडताना अंग गरम वाटणं, तोंडाला धातूसारखी चव येणं हे नेहमीचं. पण खाज, घसा आवळणं, दम लागणं, चक्कर असं काही झालं तर तिथल्या तिथे सांगा.

अंगावर पुरळ काही तासांनी, कधी काही दिवसांनीही येतं. शिवाय नळी मनगटातून किंवा जांघेतून घातलेली असते. म्हणून जाळं ओढायला कधी जायचं, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. खोल समुद्रात त्रास सुरू झाला तर धक्का लांब असतो.

घरातल्या मोठ्यांनाही हे वाचून दाखवा.